अठरा हजार पाचशेचं सेलिब्रेशन

दर अमावास्येला आमच्या गाडीसमोर नारळ फुटतो. हे काम आमच्या मंडळींचं, म्हणजे उमादेवीचं. त्या अमावास्येला तिच्या चाकूरच्या शाळेत तपासणी होती (ती तिथं मुख्याध्यापिका आहे, घरीही तीच आहे), म्हणून जाताना ती म्हणाली, "आल्यावर मी फोडते." आणि मी, गुरुबसप्पा, लातूरचा पाइप-फिटिंगचा दुकानदार, वय बावन्न, म्हणालो, "त्यात काय एवढं, मी फोडतो."

पुढचं सगळं या पाच शब्दांमुळं झालं.

नारळ धुतला, विभूती लावली आणि गाडीवरून ओवाळायला घेतला. तीनदा ओवाळायचा असतो. दोनदा व्यवस्थित झाला. तिसऱ्यांदा ओला नारळ हातातून निसटला आणि पुढच्या काचेवर, बरोबर मधोमध, आरशाच्या वरच्या अंगाला आदळला. काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. नारळाला साधी चीरसुद्धा गेली नाही. (तो मी नंतर दगडावर फोडला. राग होता.)

आता गाडी उमाच्या पगारातली, उमाच्या नावावरची. घेतली त्याच दिवशी तिनं सांगून ठेवलं होतं, "हिला एक ओरखडा आला, की किल्ली माझ्याकडं आणि तुम्ही सिटी बसनं." उमा जे बोलते ते करते, हा माझा जुना अनुभव आहे. तिची जीप साडेपाचला येणार होती. मी गाडी तशीच रेटत भुजंगकडं नेली. भुजंग हा आमच्या भागातला काचवाला, माझं गिऱ्हाईक.

भुजंगनं पाचच्या सुमारास काच बसवली, पैसे घेतले, हात पुसले आणि म्हणाला, "मालक, आता सेलिब्रेशन करून घ्या."

"काच बसली म्हणून?"

"हाव. काच बदलली की करावंच लागतंय. न्हाई केलं तर गाडी ऐकायची न्हाई."

मी शंभराची नोट काढली. "घे, सगळ्यांना चहा-भजी सांग."

त्यानं नोट खिशात घातली आणि मग समजावलं, "चहाचं न्हाई हो मालक. आरशामागं क्यामेरा हाय न्हवं का, तेचं सेलिब्रेशन. ती मशीन आपल्याकडं न्हाई. नांदेडला हाय."

कॅमेऱ्याचं सेलिब्रेशन म्हणजे काय, हे मला कळलं नाही. पण काच नवी कोरी दिसत होती आणि साडेपाच वाजत आले होते, म्हणून मी तो विषय सोडून दिला.

गाडीनं नाही सोडला. या गाडीला म्हणे डोळा आहे. तो रस्त्यावरचे पट्टे बघतो, समोरचं माणूस बघतो आणि आपण दाबायच्या आत ब्रेक दाबतो. दुसऱ्या दिवशी मी दुकानाला निघालो, तर मोकळ्या रस्त्यात गाडीनं कचकन ब्रेक मारला. समोर कुणी नव्हतं. बाजूला वाढदिवसाचा फ्लेक्स होता, त्यावर हात जोडलेले बावीस शुभेच्छुक. गाडीला वाटलं, ही मंडळी रस्ता ओलांडून राहिली. पुढं पट्टा नसलेल्या रस्त्यावर तिला पट्टा दिसला आणि स्टिअरिंग आपोआप उसाच्या रसवंतीकडं वळलं. रसवंतीवाल्यानं न विचारता ग्लास भरला. मी तो मुकाट्यानं प्यालो.

आधी मी घरचा उपाय केला. दुकानात पाण्याची बुडबुडेवाली लेव्हल असते, ती कॅमेऱ्याच्या डबीला लावली, बुडबुडा मध्ये येईपर्यंत डबीवर हलक्या हातानं थापट्या मारल्या. बुडबुडा मध्ये आला. पण तेव्हापासून गाडी उभी असतानाही ओरडायला लागली.

शेवटी नांदेडच्या वर्कशॉपला फोन लावला. आदिनाथ नावाचा सर्व्हिस ॲडव्हायझर होता, बोलायला फार अदबीचा.

"सेलिब्रेशनचं किती घेता?" मी विचारलं.

"आमच्याकडं कॅलि... हां, होतंय सर. अठरा हजार पाचशे."

"एवढं काय असतं त्यात?"

"सर, हॉल सपाट लागतो. लायटिंग सारखं लागतं. समोर बोर्ड उभा करावा लागतो. दीड तास लागतोय."

"हॉल तुमचाच?"

"आमचाच, सर. बावीस तारखेला सकाळी अकराला या. टाकी फुल करून या. गाडीत, गाडीसमोर कुणी नसलं पाहिजे."

बावीस तारीख. का कुणास ठाऊक, तारीख ओळखीची वाटली. जीएसटीची शेवटची तारीख असेल म्हणून मी डोक्यातून काढून टाकली. मला लिहून ठेवायची सवय आहे. पाइपच्या बिलाच्या पाठीवर लिहिलं: 'नांदेड. २२ ता. स. ११. सेलिब्रेशन. हॉल, लायटिंग, बोर्ड त्यांचं. १८,५००. उमाला कळू द्यायचे नाही.' खाली पत्ता लिहिला आणि चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली.

शर्ट दुसऱ्या दिवशी धुवायला पडला, हे मला फार उशिरा सुचलं. गच्चीवर जाऊन बघितलं, तर शर्ट वाळत होता आणि खिसा रिकामा होता. पाण्यात विरघळली असेल, असं मी स्वतःला समजावलं.

त्याच दिवसापासून उमाचं वागणं बदललं. सकाळी नाश्त्याला सुशीला केला, त्यात शेंगदाणे मुरमुऱ्यांच्या बरोबरीनं. मी चहात साखर जास्त घातली, ती काही बोलली नाही. माझ्याकडं बघून दोनदा हसली. पंचवीस वर्षांत मी उमाला घाबरलो ते ती रागावल्यावर. ती हसल्यावर किती घाबरायचं, हे मला माहीत नव्हतं.

"बावीसला दुकानात आहात ना तुम्ही?" तिनं पोळी वाढत विचारलं.

माझ्या हातातला घास हातात राहिला. "न्हाई. नांदेडला जायचंय. एक पार्टी हाय."

आता आमच्या धंद्यात पार्टी म्हणजे गिऱ्हाईक. मोठी पार्टी, बुडवी पार्टी, निजामाबादची पार्टी. हे तिला पंचवीस वर्षं माहीत आहे. पण ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "हाव का? पार्टी हाय?"

"हाव. गाडी घेऊन जावं लागंल."

"न्या की. मला काहीबी माहीत न्हाई बघा." आणि स्वयंपाकघरात जाऊन गुणगुणायला लागली.

हिला कळलंय, हे मला तिथंच समजलं. पण कळलंय तर किल्ली का काढून घेत नाही? रात्रभर मी कूस बदलत विचार केला. एकदा वाटलं, उठवून सगळं सांगून टाकावं. मग सिटी बसची गर्दी आठवली.

बावीसला मी एकटाच निघालो. निघताना उमानं माझ्या शर्टाची कॉलर नीट केली आणि म्हणाली, "हा शर्ट काढा. लग्नाला घालायचा तो घाला." गिऱ्हाइकाकडं जरीचा शर्ट कशाला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. अहमदपूरपर्यंत गाडीनं चार फ्लेक्सना मान दिला. लोह्याजवळ तिनं एका म्हशीला मात्र ओळखलं नाही, तेव्हा ब्रेक मी दाबला.

आदिनाथ माझी वाटच बघत होता. जरीचा शर्ट बघून तो दोन पावलं मागं सरकला. गाडी हॉलमध्ये घेतली, फरशीवर खडूच्या रेघा मारल्या, समोर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा मोठा बोर्ड उभा केला आणि लॅपटॉप जोडला. "सर, कॅलिब्रेशन म्हणजे कॅमेऱ्याची नजर जुळवायची. आता हिला हे एकच दिसलं पाहिजे. दुसरं काही दिसलं की पहिल्यापासून."

एवढ्यात बाहेर तीन क्रूझर गाड्या थांबल्या.

पहिल्यांदा उतरल्या नागम्मा, माझ्या सासूबाई. मग उदगीरचा मेव्हणा मल्लिकार्जुन, हातात दोन हार. मग त्याची बायको मंजुषा, केक घेऊन. मग हिमायतनगरचे पाहुणे, मग चाकूरचा शाळेचा स्टाफ. सगळ्यात शेवटी हिरवी इरकल नेसलेली उमा. तिनं लग्नातल्या पाटल्या घातल्या होत्या. त्या ती घरातल्या मोठ्या प्रसंगालाच घालते.

मला वाटलं, काच फुटली म्हणून ही एवढी माणसं घेऊन जाब विचारायला आली.

"दाजी," मल्लिकार्जुननं माझ्या गळ्यात हार घातला, "जागा लई वेगळी निवडली. जेवण कुणीकडं?"

"कसलं जेवण?"

"बघा, अजूनबी नाटक करून राहिले," मंजुषा म्हणाली आणि सगळे हसले.

आदिनाथ घाबरून पुढं आला. "समोर कुणी येऊ नका. कॅमेरा चालू हाय."

कॅमेरा म्हटल्याबरोबर बायकांनी पदर सावरले. नागम्मा अव्वांना मधोमध खुर्ची दिली. उंच माणसं मागं गेली, पोरं पुढं बसली आणि सगळं खानदान चौकटीच्या बोर्डासमोर, गाडीकडं तोंड करून, फोटोसाठी ओळीनं उभं राहिलं. बोर्डाला लटकायला जागा आहे, हे बघून मल्लिकार्जुननं बरोबर आणलेला फ्लेक्स त्यावर अडकवला. त्यावर आमचा लग्नातला फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'पंचवीस वर्षं पूर्ण. सौ. उमादेवी व श्री. गुरुबसप्पा.'

मी तो फ्लेक्स तीनदा वाचला. बावीस तारीख कशाची, ते मला तिथं कळलं.

"सर," आदिनाथ लॅपटॉपकडं बघत रडवेला झाला, "बोर्ड सापडना. एकतीस माणसं दाखवून राहिलंय."

"अहो," उमा हळू आवाजात मला म्हणाली, "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुमच्या ध्यानात राहिलं. मी चिठ्ठी वाचली आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. जपून ठेवलीय ती."

आता मला खोटं बोलता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. पण तिचे डोळे भरलेले बघितले आणि मला इतकी लाज वाटली, की नारळापासून सगळं सांगून टाकलं. नारळ, भुजंग, काच, लेव्हलचा बुडबुडा, कॅलिब्रेशन. (तो शब्द त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या तोंडून बरोबर निघाला.) ओळीतली माणसं एकेक करून हालायची थांबली. नागम्मा अव्वांना कमी ऐकू येतं, त्यांना मंजुषानं कानात कानडीत सांगितलं, आणि त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी गळ्यातला हार काढून हातात घेतला.

 उमा हातातल्या पाटल्या मागं-पुढं करत राहिली.

"म्हणजे ध्यानात नव्हतं," ती शेवटी म्हणाली.

"न्हाई."

"अजिबात?"

"तारीख ओळखीची वाटली होती," मी म्हणालो. "मला वाटलं जीएसटी."

ती गाडीजवळ गेली. काचेवर हात फिरवला. मग आदिनाथकडं वळली आणि शाळेत निकालाची चौकशी करतात तशा शांत आवाजात तिनं विचारलं, "हे जे तुम्ही गाडीचं करता, समोरचं दिसावं म्हणून, ते ह्यांचं करता येईल का? लागतील ते पैसे मी देते."

आदिनाथ बिचारा सरळमार्गी पोरगा. थट्टा आहे की खरं, ते त्याला कळलं नाही. त्यानं पेन काढलं, मला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं आणि विचारलं, "मॉडेल कोणत्या सालचं, मॅडम?"

"लग्न दोन हजार सालचं."

त्यानं पेन खिशात ठेवलं. "मग न्हाई व्हायचं, मॅडम. तवाच्या मॉडेलला सेन्सरच येत नव्हते."

सगळ्यात पहिली टाळी नागम्मा अव्वांनी वाजवली. एवढं एकच वाक्य त्यांना कुणी न सांगता ऐकू आलं होतं.