मुसंडीआप्पाच्या कुल्ल्यातलं बाणाचं टोक

मला गोष्टी सांगायचा कंटाळा आहे. सूनबाई म्हणाली, आधी पोरांना एक गोष्ट सांगा, मग चहा टाकते. या वयात चहासुद्धा फुकट नाही. बसा. मधे बोलायचं नाही. कुणाला मुतायला जायचं असेल तर आत्ताच जा.

तर एका जंगलात पूर्वी माणसं बाण मारायची. माणसं गेली. त्यांच्या दगडी बाणांची टोकं मातीत राहिली. पुढे जनावरांना ती टोकं गोळा करायचा छंद लागला. का लागला? पोट भरलेलं असलं की काहीही लागतं.

छंद आला की मंडळ आलंच. अध्यक्ष तरसराव. चिटणीस मुंगसोबा. आणि सभासद साळूबाई, म्हणजे साळिंदर. झालं मंडळ.

नियम दोन. पहिला, एकट्याने शोधायला जायचं नाही, सोबती पाहिजे. दुसरा, आपली जागा सोबत्याला कळू द्यायची नाही.

तुम्ही हसताय. तेव्हा कुणी हसलं नाही. दोन महिने सभा चालली.

शेवटी तोडगा निघाला. सोबत्यांचे डोळे पळसाच्या पानांनी बांधायचे.

"मी पुढे चालतो," तरसराव म्हणाला. "जागा माझी आहे."

"आमचे डोळे बांधायचे आणि तुमचे उघडे?" मुंगसोबा फिस्कारला. "मंडळात सगळे सारखे!"

मग तरसरावाचेही बांधले.

तिघं निघाली, एकमेकांची शेपटी धरून. साळूबाईची शेपटी धरायला कुणी तयार होईना, म्हणून ती सगळ्यात मागे. चालत चालत तिघं घुसली थेट करवंदीच्या जाळीत.

त्या जाळीत मुसंडीआप्पा पडला होता. हा म्हातारा रानडुक्कर. सात वर्षांपूर्वी, माणसं होती तेव्हा, त्याच्या कुल्ल्यात बाण घुसला. काडी मोडली, टोक आत राहिलं. स्वतःचं तोंड तिथवर पोचत नाही. ज्याला त्याला म्हणाला, काढा रे. तरसराव म्हणाला, बघू. मुंगसोबा म्हणाला, हळद लावा. साळूबाई म्हणाली, मला रक्त बघवत नाही.

आता तर जवळचा पाणवठा आटला होता. सकाळीच कळप नदीकडे गेला होता. नदी चार कोस. आप्पाला चार पावलं टाकवत नव्हती. टोक निघालं तर पाणी, नाहीतर मरण. एवढा साधा हिशेब.

"टेकडी लागली," मुंगसोबा म्हणाला.

"केसाळ आहे," साळूबाई म्हणाली.

"गवत असेल."

"गरम पण आहे."

"उन्हाने तापली असेल," तरसराव म्हणाला.

"अरे, मी आहे!" आप्पा म्हणाला.

"गप्प! शोध चाललाय."

तेवढ्यात मुंगसोबाचा पंजा टोकावर पडला. आप्पा असा बोंबलला की तिघांची पानं गळून पडली.

"गारगोटीचं आहे!" साळूबाई ओरडली. "धार बघा!"

आप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. "देवासारखे आलात. काढा ते आणि घेऊन जा."

"जागा माझी, म्हणजे टोक माझं," तरसराव म्हणाला.

"पंजा माझा लागला," मुंगसोबा म्हणाला.

"गारगोटी मी ओळखली," साळूबाई म्हणाली.

मग ठरलं की सभेत निकाल लागेपर्यंत टोकाला कुणी हात लावायचा नाही. आणि तोवर जागेने हलायचं नाही.

"मी जागा नाही, मी डुक्कर आहे," आप्पा म्हणाला.

"ते तुमचं मत झालं, आप्पा," तरसराव म्हणाला.

त्यांनी आप्पाभोवती काट्यांचं कुंपण घातलं. पाटी लावली. 'येथे बसू नये. खाजवू नये.'

"माझा कुल्ला मीच खाजवायचा नाही?"

"अर्ज करा. सभेपुढे ठेवू."

डुकराला अक्कल नसते म्हणतात. म्हणणाऱ्यांना जास्त नसते. आप्पाने मुंगसोबाला जवळ बोलावलं आणि कानात सांगितलं, "तरसराव दुपारी एकटा येणार आहे, टोक उपटायला." मग तरसरावाला सांगितलं, मुंगसोबा येणार आहे. आणि साळूबाईला सांगितलं, ते दोघं मिळून येणार आहेत.

दुपार कशाला होतेय? तिघांनी एकदम झडप घातली. तरसरावाने जबड्यात धरलं, मुंगसोबा त्याच्या मानेला लोंबकळला, साळूबाई दोघांच्या अंगावर पडली. तिचे काटे लागताच तरसरावाने असा हिसका दिला की टोक सटकन बाहेर.

रक्त आलं. थोडा पू आला. आप्पा उठला, कुंपण तुडवलं आणि नदीकडे सुटला. आभार मानले नाहीत. बरं केलं.

मागे तिघांच्या ओढाताणीत टोकाचे तीन तुकडे झाले. मंडळाचेही झाले. आता त्या जंगलात तीन मंडळं आहेत. प्रत्येकात एक सभासद आहे, आणि प्रत्येकाला सोबती पाहिजे.

तात्पर्य: मुलांनो, दुखत असेल तर मदत मागू नये. दुखणं लाखात एक आहे, आणि ते दुसराच कुणी घेऊन जातोय, अशी आवई उठवावी. जग धावत येतं. आणि असल्या छंदाला सोबत म्हणून कुणी बोलावलं तर जाऊ नये. मी गेलो होतो, गेल्या शिमग्याला, माळावर. खड्ड्यात पडलो, पाय मुरगळला. ज्याने मला वर काढायच्या आधी 'जरा सरका, तुमच्याखाली काही आहे का बघू' म्हटलं, आणि अजून माफी मागितलेली नाही, त्या माणसाचं नाव दिगंबर तुकाराम उंबरजे.