स्थळासाठी आणलेले मासे

बन्सीलाल कापडवाल्याने घरात मासे पाळायचं ठरवलं, तेव्हा जुन्नरच्या बाजारपेठेला एवढंच कळलं की यात त्याचा काहीतरी फायदा असणार. बन्सीलाल फायद्याशिवाय शिंकतसुद्धा नाही.

फायदा होता तो असा. धाकटी रिंकू लग्नाची झालेली. पुण्याचं स्थळ सांगून आलेलं. मुलगा संयम एकुलता एक, सीए, राहतं घर स्वतःचं आणि मागणं काही नाही. मुलाच्या बापाला, हस्तीमलला, आयुष्यात एकच नाद होता, मासे. त्याच्या दिवाणखान्यात पाच फुटी काचेची पेटी, तिच्यात पाणवनस्पतींची खरीखुरी बाग आणि त्या बागेत चाळीस मासे. मध्यस्थाने चहा पिता पिता सांगून ठेवलं होतं, की हस्तीमल मुलगी बघायला गेला की मुलगी कमी बघतो आणि घर जास्त. ज्या घरात मासे टिकतात त्या घरात भांडणं नसतात, असं त्याचं ठाम मत आहे.

बन्सीलालने मनात आकडा मांडला. मासा दहा रुपयांना, जावई सीए. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. पाहुणे यायला एकवीस दिवस होते.

विचार करावा लागला तो आईमुळे. कस्तुरबाईंना घरात सगळे बाई म्हणत. वय शहात्तर, डोळे अधू, जैन धर्म कडक. मुक्या जिवांना काचेत कोंडणं त्यांना बिलकूल पसंत नव्हतं. रिंकूच्या लग्नाचं नाव काढल्यावर त्या नरमल्या, पण अट घालून.

"आण. पण तुझ्या हौसेपायी यातला एक जरी जीव गेला, तर जितके जीव जातील तितके माझे उपास."

"बाई, एकही जाणार नाही," बन्सीलाल म्हणाला. गिऱ्हाइकाला रंग जाणार नाही म्हणून सांगताना तो याच आवाजात बोलत असे.

नारायणगावच्या कुंडलिकने पेटी आणून बसवली. बागेसाठी माती आली जुन्या गिऱ्हाइकाच्या, गोळेगावच्या धर्माजीच्या शेतातली. तिच्यावर वाळू, वाळूत हिरवी लांब पात्यांची झाडं आणि झाडांत आठ मासे. दोन दिवस घरातल्या कुणी टीव्ही लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन मासे आडवे तरंगत होते.

बाईंनी दोन उपास केले. दुसऱ्या उपासाच्या संध्याकाळी बन्सीलालने त्यांना भिंत धरून चालताना पाहिलं. मासे या वेगाने जायला लागले तर पाहुणे येईपर्यंत घरात सोयरीक जमायच्या ऐवजी सुतक यायचं.

त्याने दोन कामं केली. एक म्हणजे कुंडलिकला फोन. कुंडलिकचं निदान डॉक्टरसारखं होतं, दर खेपेला नवं आणि दर खेपेला काहीतरी विकत घ्यायला लावणारं. पहिल्यांदा पाण्यात हवा कमी होती, म्हणून पंप आला. मग पाणी गार होतं, म्हणून हीटर आला. मग बुरशी होती, म्हणून निळं औषध आलं, आणि पाण्यासकट बन्सीलालच्या तीन सदऱ्यांच्या बाह्या निळ्या झाल्या. मासे मरायचे ते मरतच राहिले.

दुसरं काम जास्त दमवणारं होतं. बाई सकाळी डोळे मिटून सामायिकाच्या ध्यानाला बसलेल्या असेतो पेटीपाशी जायचं, मेलेला मासा रुमालात गुंडाळून परसात जास्वंदीखाली पुरायचा आणि पहिल्या एसटीने नारायणगाव गाठून तसाच, त्याच रंगाचा दुसरा आणायचा. दुकान उघडायच्या आत परत. बाई रोज दुपारी काचेला नाक लावून मासे मोजत. आठ भरले की समाधानाने मान हलवत.

रिंकूच्या नजरेतून मात्र काही सुटत नव्हतं.

"पप्पा, काल या नारिंगीच्या शेपटीवर काळा ठिपका होता."

"धुतला गेला असेल," बन्सीलाल म्हणाला. तो इतका थकला होता की आपण काय बोललो हे त्याला चार तागे उलगडून झाल्यावर कळलं.

बाराव्या दिवशी धर्माजी मुलीच्या बस्त्याला आला. बस्ता राहिला बाजूला, बन्सीलाल त्याला हाताला धरून आत घेऊन गेला. धर्माजी पेटीसमोर उकिडवा बसला आणि टोमॅटोच्या प्लॉटकडे बघावं तसा बराच वेळ आत बघत राहिला.

"झाडं लई जोमात हायेत, शेठ. अशी तर माझ्या रानात बी न्हाईत."

"झाडांचं काय करू? मासे मरतात."

"आता आठवलं बघा," धर्माजी डोकं खाजवत म्हणाला, "ती माती घेतली त्या वाफ्यात औंदा युरिया जरा जास्तच पडला व्हता."

बन्सीलालने त्याच्याकडे पाहिलं. बस्ता पंचवीस हजारांचा होता, म्हणून नुसतंच पाहिलं.

त्या संध्याकाळी पेटी रिकामी झाली. माती गेली, नदीची वाळू धुऊन आली, झाडं पुन्हा रोवली, पिंपात रात्रभर ठेवलेलं नळाचं पाणी भरलं. पाच तास लागले आणि बन्सीलालची कंबर धरली. तिसऱ्या दिवशी एकदम पाच मासे गेले.

मग त्याने कारण शोधणंच सोडलं. पाहुणे रविवारी येणार होते. त्याला मासे जगवायचे नव्हते, फक्त रविवारी दुपारपर्यंत मरू द्यायचे नव्हते. पेटीतले उरलेसुरलेही गेले, तेव्हा शनिवारच्या शेवटच्या गाडीने त्याने आठ नवे मासे आणले. आतापर्यंत जास्वंदीखाली तेवीस झाले होते, त्यातल्या दोनच जिवांची बाईंना खबर होती.

रविवारी हस्तीमल, त्याची बायको आणि संयम आले. बाईंशी दोन शब्द बोलून विहीणबाई रिंकूला बघत बसल्या, रिंकू संयमला आणि संयम पोह्यांना. हस्तीमल मात्र थेट पेटीपाशी गेला. झाडांवरून त्याने कौतुकाने नजर फिरवली. मग त्याची नजर वर आली आणि कपाळाला आठी पडली. आठही मासे पाण्याच्या वरच्या थरात तोंडं उघडी टाकून धापा टाकत होते.

"पाणी कुठलं घालता?"

"नळाचं," बन्सीलाल घाईने म्हणाला. "रात्रभर पिंपात उघडं ठेवून."

कोपऱ्यातून बाई हसल्या.

"नळाचं तो घालतो. मी दुपारी, तो दुकानात गेला की, काढून टाकते. आमच्या घरात कच्चं पाणी कुणी पीत नाही, मग यांनीच का प्यावं? त्यात किती जीव असतात, आणि हे मुके दिवसभर तोंड उघडं ठेवून पितात. केवढं पाप लागत असेल बिचाऱ्यांना. म्हणून रोज तीन कळशा पाणी गाळून, उकळून, तांब्याच्या कळशीत गार करून घालते. कळशी साळुबाई उचलून देते. परवा तर सगळंच कच्चं भरून ठेवलेलं, सहा कळशा लागल्या."

भांडी घासणारी साळुबाई दारातून मान डोलावत होती. बन्सीलाल उठून परसात गेला.

हात धुवायच्या निमित्ताने हस्तीमलने त्याला परसात गाठलं. "अहो, उकळलं की पाण्यातली हवा जाते. आणि तांबं म्हणजे माशांना शुद्ध विष. किती गेले?"

"तेवीस."

"मग सांगा ना त्यांना."

"सांगतो," बन्सीलाल म्हणाला. "शहात्तर वर्षांच्या बाईला सांगतो, की तेवीस जीव तुमच्या हातून गेले. एका जिवाला एक उपास आहे त्यांचा. दोन झालेत, एकवीस उरतात. एकवीस उपासांनंतर लग्न कुठल्या तिथीला धरायचं, ते तुम्हीच सांगा."

हस्तीमलने दारातून आत पाहिलं. त्याची बायको डोळे पुसत बाईंच्या पायांवर वाकली होती. माशांचासुद्धा परलोक सांभाळणारं घर तिने जन्मात पाहिलं नव्हतं, मुलगी याच घरातली करायची, असं ती संयमला सांगत होती. संयम कधी नव्हे ते पोह्यांवरून मान वर काढून हो म्हणाला.

"राहू द्या," हस्तीमल म्हणाला. दोघांनी हात धुतले आणि पुन्हा धुतले.

माघात लग्न झालं. मागणं काही नव्हतं. तरी बाईंनी हौसेने विहीणबाईंना तांब्याची मोठी कळशी दिली, माशांसाठी म्हणून. मांडवात हस्तीमलने ती दोन्ही हातांनी घेतली. चेहऱ्यावर हसू होतं, ते फोटोतही आलं आहे. बायकोला खरं सांगायचं तर ते दुसऱ्याच दिवशी बाईंच्या कानावर जाणार, आणि आपल्याला हे आधीपासून ठाऊक होतं हेही निघणार. म्हणून तो बोलला नाही.

महिनाभराने बन्सीलालने खुशाली विचारायला फोन केला. रिंकू मजेत होती. सासूचं नि तिचं छान जमलं होतं, दोघी मिळून पाणी गाळत होत्या. मग फोन हस्तीमलने घेतला आणि आवाज खाली आणून म्हणाला, की चाळीसातले नऊच उरलेत, आणि कुंडलिकचा नंबर असला तर द्या, पुण्यात मासे फार महाग पडतात.

फोन ठेवून बन्सीलालने सवयीने बेरीज केली. शनिवारचे आठही टिकले नव्हतेच. इकडचे एकतीस, तिकडचे एकतीस, दोन्ही बाजूंनी लग्नाचा खर्च अगदी निम्मा निम्मा. मुलीच्या बापाला याहून काय हवं? फक्त ज्या मुक्यांनी तो भरला, त्यांना कुणी पत्रिका धाडली नव्हती.