सामंतकाकांचा वजनकाटा

सामंतकाकांच्या घरी चहा मिळण्याआधी वजन करावं लागतं. दाराशी, चपलांच्या शेजारीच वजनकाटा मांडलेला असतो. आपण वर उभं राहायचं, काका चष्मा सरकवून सुई बघणार, जर्मनमध्ये "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणणार आणि मगच आत घेणार. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, काकांना मधुमेहाबिधुमेहाचा धाक असेल. तर म्हणाले, "उद्या माझ्या गाडीत बसायची वेळ आली तर? तेव्हा कुठे शोधत बसू तुझं वजन?"

काका जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमधले आमचे खालच्या मजल्यावरचे शेजारी. तरुणपणी पुण्याहून शिकायला आले, इंजिनियर झाले, निवृत्तही झाले, पण त्यांची मोजमापं काही निवृत्त झाली नाहीत. त्यांच्याकडे एक जुनी कॅरॅव्हॅन आहे, गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर. तिच्यातून दर उन्हाळ्यात ते सुनंदाकाकूंना घेऊन समुद्रावर जायचे. आम्ही इथे राहायला आलो त्याच्या आदल्या वर्षी काकू गेल्या. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलंय. बारीक चणीच्या, कॅरॅव्हॅनच्या पायरीवर शेंगा सोलत बसलेल्या.

मग काकांच्या डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं. काका आम्हाला म्हणाले, "कॅरॅव्हॅन तुम्ही न्या. पण आधी शिकायचं." त्यामुळे मी आणि माझा नवरा नीरज रविवारी गावाबाहेर एका शेतकऱ्याच्या कोठारात शिकवणीला जाऊ लागलो. कॅरॅव्हॅन तिथेच उभी असायची.

"आल्झो," म्हणजे 'तर मग' म्हणत काका सुरू करायचे, "आधी गाडीचे कागद. ती किती ओढू शकते ते त्यात लिहिलंय. मग कॅरॅव्हॅन. रिकामी किती, भरून जास्तीत जास्त किती चालते. मधला फरक तेवढंच तुमचं सामान. नवशिक्याने कॅरॅव्हॅन गाडीपेक्षा हलकीच ठेवायची. बैलाने गाडी ओढावी, गाडीने बैल ढकलू नये. वजन खोटं बोलत नाही रे, माणूस बोलतो."

एका रविवारी धुकं इतकं होतं की कोठाराच्या दारातून समोरचं शेतही दिसेना. कॅरॅव्हॅन पूर्ण रिकामी होती. नीरज बाहेर फोनवर बोलत होता. काकांनी कॅरॅव्हॅनचं नाक, म्हणजे गाडीच्या हुकाला अडकतो तो पुढचा भाग, लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवलं आणि ठोकळ्याखाली तोच दाराशीचा वजनकाटा ठेवला. "हे नाक हुकावर किती दाबतं, ती स्टुट्झलास्ट. कमी झाली तर मागचं बूड रस्त्यावर झुलायला लागतं. जास्त झाली तर गाडीच खाली बसते."

सुई स्थिर होती. मग आतून हलकासा आवाज आला, पलंगाची फळी करकरावी तसा. पलंग कॅरॅव्हॅनच्या पुढच्या बाजूला आहे. सुई सावकाश पुढे सरकली आणि तिथेच थांबली.

"हं. बसली," काका म्हणाले.

मी दार उघडून आत पाहिलं. पलंगावर घडी केलेली गोधडी होती, बाकी कोणी नाही. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "पण काका, चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये माणसाला बसायला बंदी आहे. तुम्हीच सांगितलंत."

"गेनाऊ," काका शांतपणे म्हणाले. "माणसाला."

मग ते ठोकळा पुसू लागले. पुसता पुसता म्हणाले, "शेवटच्या सहलीहून परत येताना तिची पाठ फार दुखत होती. मागे पलंगावर आडवी होते म्हणाली. मी म्हटलं, नियमात बसत नाही. घरापर्यंत ती पुढेच ताठ बसून आली. तेव्हापासून तिच्या वजनाइतकी जागा मी मागे ठेवतो."

निघायच्या दिवशीही धुकं होतं, आणि मी माझ्या स्वभावाला जागले. चार दिवसांच्या सहलीसाठी कुकर, मिक्सर, पोळपाट, पिठाचा डबा, तांदूळ, सगळा संसार मागच्या कपाटात कोंबला. काकांनी नाकाखालच्या काट्याची सुई बघून कपाळाला हात लावला. "बूड जड, नाक हलकं! जड ते खाली, चाकांजवळ." सगळं काढून पलंगाखाली, चाकांच्या बाजूला लावलं. नीरजने बेरीज केली, सुई पाहिली आणि म्हणाला, "बसतंय काका. सगळं मर्यादेत आहे."

"नाही बसत," काका म्हणाले. कारण सांगेनात. टोपी हातात घेऊन जमिनीकडे बघत उभे राहिले.

मला कळलं. मी मुकाट्याने पीठ काढलं, तांदूळ काढले, मिक्सर काढला, नीरजची पुस्तकांची पेटीही उतरवली. तो म्हणाला, "अगं, हे कशाला?" मी म्हटलं, "राहू दे. तिकडे ब्रेड मिळतो."

सुई खाली आली. काका आत गेले, गोधडी उलगडून पलंगावर नीट पसरली आणि बाहेर येऊन दार लावून घेतलं. आम्ही तिघं काट्याशी उभे होतो. सुई हळूहळू चढली आणि मघाशी होती तिथे येऊन थांबली. नीरजने माझ्याकडे पाहिलं, पण या वेळी बेरीज केली नाही.

"काका, तुम्हीही चला ना," मी म्हटलं. "पुढे एक सीट रिकामी आहे."

काका हसले. "माझं आणि तिचं, दोन्ही वजनं नाही बसणार. तिला जाऊ दे. समुद्र तिला आवडतो."

नीरजने कॅरॅव्हॅन गाडीला जोडली. काकांनी काटा उचलून काखेत धरला आणि नीरजला बजावलं, "ऐंशीच्या वर जायचं नाही." गाडी वळेपर्यंत मी आरशात बघत होते. धुक्यात काका तसेच उभे होते, एक हात वर करून. तो हात आमच्यासाठी नव्हता.

"नीरज, सावकाश घे," मी म्हटलं. "काकूंची पाठ दुखते."