खांबेटेकाकांची चौदा काडतुसं

दिवाकर खांबेटे यांच्या गॅरेजमध्ये एक जुना फ्रिज आहे. गेल्या वर्षी त्याच्या वरच्या कप्प्यात श्रीखंडाचे डबे असायचे आणि खालच्या कप्प्यात जीन्स घातलेला एक ठोकळा. ठोकळा दोन विटांएवढा, दुधट रंगाचा, बोट लावलं की थरथरणारा. त्याच्यावर जीन्सच्या कापडाचे चार थर ताणून बसवलेले. वर चिकटपट्टीवर बारीक अक्षरात: नमुना ६, गुरुवार, हात लावू नये.

नमुना ७ ला हात लागला. गेल्या वर्षी गणपतीच्या आरतीला आम्ही वीसेक जण काकांकडे जमलो होतो. माझी बायको श्रीखंड आणायला गॅरेजमध्ये गेली. सातव्या ठोकळ्याला जीन्स अजून चढायची होती आणि चिकटपट्टी मागच्या बाजूला होती. काकांनी एकट्याने खरवस केला याचं कौतुक वाटून तिने कोपरा कापून तोंडात टाकला. अळणी लागला. काकांना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी वही काढली आणि लिहिलं: नमुना ७ रद्द. कारण : सौ. वैद्य यांनी खाल्ला.

तो ठोकळा म्हणजे माणसाच्या शरीराच्या जागी वापरायचा नमुना होता. त्यावर पिस्तुलाची गोळी झाडायची आणि ती किती आत जाते, कशी उमलते ते मोजायचं, असा कार्यक्रम.

खांबेटेकाका मूळचे साताऱ्याचे. मिशिगनमध्ये ट्रॉयला येऊन त्यांना चाळीस वर्षं झाली. त्यातली एकतीस त्यांनी गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत सीटबेल्टची बक्कलं तपासण्यात घालवली. बक्कल ओढायचं, तापवायचं, गोठवायचं, त्यावर कोक ओतायचं आणि तरी ते लागतं का ते पाहायचं. "पास किंवा फेल. मधलं काही नसतं," हे त्यांचं वाक्य तिथलं आहे. निवृत्तीनंतर ते भाजीच्या दुकानात, देवळाच्या कार्यकारिणीत आणि माझ्या घराच्या गच्चीवजा डेकवर सारख्याच गांभीर्याने वापरलं जातं. आमचं डेक फेल आहे.

पिस्तूल त्यांनी सव्वादोन वर्षांपूर्वी घेतलं. त्याच्या तीन महिने आधी सुलभाकाकू दूर पश्चिम किनाऱ्यावर बेलव्ह्यूला लेकीकडे गेल्या होत्या. केतकीचं बाळंतपण होतं. मुक्काम सहा आठवड्यांचा ठरला होता. मग केतकीची रजा संपली, मग डेकेअरमध्ये जागा नव्हती, मग इराला दात आले. काकू अजून तिथेच होत्या. काका वर्षातून दोनदा पंधरा दिवसांसाठी जाऊन यायचे. कायमचे का जात नाही, असं मी एकदा विचारलं. "तिथलं घर भाड्याचं आहे," ते म्हणाले. "तपासण्यासारखं माझं काही नाही तिथे."

"पण पिस्तूल कशाला?"

"घरात आवाज येतात."

"कसले?"

"फर्नेसच्या डक्टचे. गरम हवा सुटली की पत्रा तापून वाजतो. मी छतात डोकं घालून पाहून आलोय."

"मग माहीत आहे ना कसले ते?"

"माहीत असलं म्हणून वाजायचा थांबतो का?"

त्यांनी रीतसर वर्ग केला, परवाना काढला आणि हाताच्या पंजात मावेल असं नऊ मिलिमीटरचं एक पिस्तूल घेतलं. काउंटरवरच्या माणसाने त्याच्यासोबत काडतुसांचा एक डबा पुढे सरकवला. काकांनी त्याचा टेस्ट रिपोर्ट मागितला. तो म्हणाला, "इट वर्क्स, सर." काका म्हणाले, "दॅट इज अ सेंटेन्स. नॉट अ रिपोर्ट." तिथून सगळं सुरू झालं.

प्रश्न खरा होता, हे नोंदवायला हवं. सरावाची गोळी टोकाला बंद असते. ती माणसातून आरपार जाऊन मागच्या माणसाला लागू शकते. स्वसंरक्षणाच्या गोळीच्या टोकाला खड्डा असतो. तिला हॉलो पॉइंट म्हणतात. ती आत शिरली की फुलासारखी उमलते आणि थांबते. निदान थांबावी. पण लहान पिस्तुलाची नळी आखूड, त्यामुळे गोळीचा वेग कमी. वेग कमी पडला तर ती उमलत नाही. टोकाच्या खड्ड्यात जाड कापड बसलं तरी उमलत नाही, आणि मिशिगनमध्ये सहा महिने चोरसुद्धा जाड कापडात असतो. जीन्सचे चार थर त्यासाठी. गोळी ठोकळ्यात बारा इंचांपेक्षा कमी जायला नको आणि अठरापेक्षा जास्तही नको. काकांनी एकापुढे एक ठोकळे लावायचे आणि चौदा प्रकारची काडतुसं तपासायची असं ठरवलं. ही आखणी करण्यातच पहिलं वर्ष गेलं. निर्णय होईपर्यंत पिस्तूल रिकामं, कुलूपबंद पेटीत. पेटीची किल्ली देवघरात, हळदीच्या करंड्याखाली.

मी मराठी वर्तमानपत्रात काम केलेला माणूस. शेजारी म्हणून काकांनी मला साक्षीदार नेमलं. दर गुरुवारी सकाळी दहाला आम्ही गावाबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर जायचो. ते झाडायचे, मी पट्टी धरायचो आणि तक्त्याखाली सही करायचो.

"पेपरवाल्या, इंच मोज. अंदाज नको."

"साडेतेरा."

"साडेतेरा की साडेतेराच्या आसपास?"

रेंजवर रिक नावाचे देखरेख करणारे गृहस्थ होते. अग्निशामक दलातून निवृत्त, काकांच्याच वयाचे. ते काकांना गमतीने 'डॉक', म्हणजे डॉक्टर, म्हणत आणि ठोकळा येताना दिसला की टोपी काढत. अकराव्या आठवड्यात त्यांनी ठोकळा हातात घेऊन दाबला. तो मधोमध दुभंगला.

"डॉक, हे कशाचं केलंय?"

काकांनी सांगितलं. असा ठोकळा जिलेटिनचा करतात. जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्याचं. म्हणून काकांनी तो चायना ग्रासचा केला होता, आपल्याकडे उपासाच्या खिरी-मिठाया थिजवायला वापरतात त्याचा. इंडियन ग्रोसरीतून एकदम चाळीस पाकिटं आणल्यावर तिथल्या बाईंनी त्यांना लग्न कुणाचं म्हणून विचारलं होतं.

रिक यांनी छर्‍याची बंदूक आणली आणि एक छर्रा शेजारच्या ठोकळ्यात झाडला. जिलेटिनमध्ये तो जिथे थांबायला हवा त्याच्या कितीतरी पुढे जाऊन तो ठोकळ्याचे तीन तुकडे करून गेला. रिक यांना हसू आवरेना. "डॉक, तुम्ही अकरा आठवडे पुडिंगला गोळ्या घातल्या!"

काका हसले नाहीत. त्यांनी वहीतल्या अकरा पानांवर पट्टी ठेवून सरळ रेघा मारल्या. माझ्याकडून प्रत्येक रेघेखाली सही घेतली.

परतताना गाडीत मी म्हटलं, "काका, घरात तुम्ही एकटेच. जिलेटिन आणलं असतं तर कुणाला कळलं असतं?"

"सुलभाच्या फ्रिजमध्ये?" ते म्हणाले. 

त्यांनी मग कृत्रिम जेलचे तयार ठोकळे मागवले. त्यात प्राणिजन्य काही नाही हे कंपनीला दोनदा फोन करून विचारून घेतलं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. यंदाच्या सप्टेंबरअखेर चौदापैकी तीन काडतुसं पास झाली. मला वाटलं, संपलं. मी तसं म्हटलंही.

"कसलं संपलं? भिंत राहिली."

साताऱ्याच्या घराची भिंत दीड फूट दगडाची होती. तिच्यात खिळा ठोकायचा तर गवंडी बोलवावा लागे. इथली भिंत म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या दोन बाजूंना अर्ध्या इंचाचे ड्रायवॉल, म्हणजे खडूच्या भुकटीचे दाबलेले तक्ते. जोराने कोपर लागलं तर भोक पडतं. काकांनी गॅरेजात तशा दोन भिंती बांधायला घेतल्या.

त्याच आठवड्यात केतकीचा फोन आला. मी तिथेच ड्रायवॉलचा तक्ता धरून उभा होतो. काकांचे हात भरलेले, फोन स्पीकरवर.

"बाबा, दिवाळीची तिकिटं आज होल्डवर टाकलीत. फ्रायडेपर्यंत कन्फर्म करायची. इज इट स्टिल इन द हाउस?"

"पिस्तूल आहे. गोळी नाही."

"दॅट्स नॉट द पॉइंट, बाबा. गन असलेल्या घरात मी इराला नाही आणणार. आय टोल्ड यू लास्ट इयर. त्याच्या आधीच्या इयरलापण टोल्ड यू."

"कुलपात आहे. निर्णय व्हायचाय."

मागून काकूंचा आवाज आला. "अहो, दोन वर्षांत मी एक जावई पसंत केला होता. तुमची एक गोळी होईना?"

"जावई तपासला असतास तर वेळ लागला असता."

"फ्रायडे, बाबा," केतकी म्हणाली.

हा फोन सोमवारचा. इरा अडीच वर्षांची होती आणि ट्रॉयचं घर तिने पाहिलेलं नव्हतं. 

गुरुवारी आम्ही भाड्याच्या ट्रकमधून भिंती रेंजवर नेल्या. एकीमागे एक, मध्ये बारा फुटांचं अंतर. दुसऱ्या भिंतीमागे जेलचा ठोकळा. या वेळी त्याला जीन्स नव्हती. तो नेहमीच्या टेबलावरही नव्हता. काकांनी घरून एक ठेंगणा स्टूल आणला होता. त्याची उंची दोनदा मोजली आणि ठोकळा त्यावर ठेवला.

खरं तर पास झालेली तीनच काडतुसं तपासायची होती. काका म्हणाले, "इतके दिवस थांबलीत, सगळ्यांना संधी देऊ." चौदा गोळ्या झाडल्या. चौदाही दोन्ही भिंतींतून गेल्या. खड्डा असलेल्या टोकात खडूची भुकटी भरली की ती गोळी बंद टोकाच्या गोळीसारखी वागते, सरळ जात राहते. रिक यांनी हे आधीच सांगितलं असतं, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. स्टुलावरच्या ठोकळ्यात आम्ही चौदा गोळ्यांची भोकं मोजली. रिक यांनी स्टुलाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि ते दुसऱ्या लेनकडे निघून गेले.

घरी आल्यावर काकांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर घराचा नकाशा पसरला. स्वतः काढलेला, एका इंचाला चार फूट. त्यावर लाल पेन्सिलीने चार ठिपके होते. एक काकांच्या पलंगावर. एक शेजारच्या खोलीत, कारण काका घोरतात म्हणून काकू तिथे झोपत. दोन समोरच्या खोलीत, जवळजवळ, एक जरा लहान. लहान ठिपक्याशेजारी लिहिलेलं होतं: पलंगाची उंची वीस इंच.

"काका," मी म्हटलं, "या खोल्या रिकाम्या आहेत."

"आज आहेत."

"दोन वर्षं आहेत. रिकाम्या खोल्या धरल्या तर निकाल काय येतो?"

त्यांनी वहीचं पान उलटलं. तिथे दोन रकाने आधीच आखलेले होते. घर रिकामं : तीन पास. घर भरलेलं : एकही नाही.

"म्हणजे निवडायचं काडतूस नाहीच आता," काका म्हणाले. "घर कुठलं धरायचं तेवढंच."

वर छतात डक्टचा पत्रा एकदा वाजला. ऑक्टोबर होता, फर्नेस नुकताच सुरू झाला होता. काकांनी वर पाहिलं नाही. त्यांनी पट्टी घेतली आणि पहिल्या रकान्यावर वरपासून खालपर्यंत सरळ रेघ मारली.

"सही कर, पेपरवाल्या."

मी केली.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता पिस्तुलांचं दुकान उघडलं तेव्हा आम्ही दारात होतो. काकांनी पिस्तूल, कागद आणि उरलेली काडतुसं काउंटरवर ठेवली. माणूस तोच होता. काही बिघाड आहे का, त्याने विचारलं.

"पिस्तूल पास आहे," काका म्हणाले. "घरात बसत नाही." आणि त्याला चौदा पानी रिपोर्टची एक प्रत दिली. त्याने ती वाचली असेल असं मला वाटत नाही.

मग पार्किंगमध्ये उभं राहून त्यांनी केतकीला फोन केला. "कन्फर्म कर," एवढंच म्हणाले.  तिकडून काकूंचा आवाज आला, "फ्रिजमध्ये काय काय भरून ठेवलंय तुम्ही? मी येईन तेव्हा मला तो स्वच्छ हवा."

दिवाळीच्या पहिल्या दिवशी मी चकल्यांचा डबा घेऊन गेलो तेव्हा गॅरेजचं दार वर होतं. काकू फ्रिजमध्ये डोकं घालून उभ्या होत्या आणि त्यांना चायना ग्रासची एकोणीस पाकिटं सापडली होती. "अहो वैद्य, हे काय करत होते इथे? आणि तुम्ही सही करत होता?"

भोकं पडलेला ड्रायवॉलचा एक तक्ता भिंतीला टेकवलेला होता. त्याच्यापुढे इरा जमिनीवर बसली होती आणि एकेका भोकात एकेक क्रेयॉन खोचत होती. वरच्या भोकांना तिचा हात पुरत नव्हता. तिथे काका तिला उचलून धरत होते.

"आबा, धिस वन."

"हा निळा?"

"धिस वन गोज."

काकांनी तिला खाली ठेवलं. भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला, बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर काढला. आधी क्रेयॉन मोजला, मग भोक. आठ मिलिमीटर, नऊ मिलिमीटर. मग चिकटपट्टीचा एक तुकडा फाडून तो तक्त्याच्या कोपऱ्यावर लावला, त्यावर 'पास' असं लिहिलं आणि पेन माझ्यापुढे धरलं.