मोमीन सरांची हजेरी

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मोमीन सरांच्या तासाला कुणी स्वतःची हजेरी देत नाही. ती बाकावरच्या शेजाऱ्यानं द्यायची. शेजारी आला नसेल, तर का आला नाही तेही सांगायचं. ‘माहीत नाही’ म्हटलं की सर खडू खाली ठेवतात. "मग विचार की राव. आमी थांबतो." बाकावरून फोन लागतो, आणि तेवढा वेळ मेकॅनिक्स अडून बसतं.

एकदा बोरी गावचा एक पोरगा आला नाही. शेजारी म्हणाला, "उसात बिबट्या बसलाय सर. त्याला घराबाहेर पडता येईना." सरांनी हजेरीपटात त्याच्या नावापुढं ‘बिबट्या’ असं लिहिलं. हे कुठल्या रजेत धरायचं, असं विचारत ऑफिसातले क्लार्क दोन दिवस हिंडत होते.

प्राचार्यांनी सिलॅबसची आठवण करून दिली, तर सर शांतपणे म्हणाले, "सिलॅबस कुठं जात नाय. पोरं जातात."

मी गणित शिकवतो. मला हा पोरखेळ वाटायचा.

मागच्या वर्षी सुनीता नावाची मुलगी सलग चार दिवस आली नाही. घोडेगावच्या पुढं डोंगरात तिचं गाव, फोनला रेंज नाही. तिच्या शेजारी बसणारी साक्षी रडकुंडीला आली. सर म्हणाले, "शनिवारी जाऊन बघू." साक्षीला घेतलं, सोबत मलाही ओढलं.

एसटीनं पोचलो तेव्हा सुनीता दारात भांडी घासत होती. आम्हाला बघून उभीच राहिली. पहिल्याच परीक्षेत तीन विषय गेले, म्हणून कॉलेज सोडून आली होती.

"मला सांगितलं का नाहीस?" साक्षीनं विचारलं.

"वाटलं, कुणाच्या ध्यानात पण येणार नाय."

"चार दिवस बाकावर एकटी बसलीय मी," साक्षी म्हणाली, आणि दोघीही रडायला लागल्या.

सर ओट्यावर बसून कोरा चहा पीत राहिले. निघताना सुनीतानं सोमवारी येते म्हणून सांगितलं, आणि आलीही.

परतीच्या एसटीत सर आपणहून बोलले. "पुण्याला शिकत व्हतो, तेव्हा टायफॉइडनं महिनाभर घरी पडलो. परत गेलो, तर बाकावरच्यानं विचारलं, नवीन ॲडमिशन का?"

ते हसले. मला हसू आलं नाही.

अकरा वर्षं स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारीशेजारी. तरी त्यांच्या घरी कोण कोण असतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं.

"कुणी नाय," ते म्हणाले. मग खिडकीबाहेर बघतच, "या ना एकदा जुन्नरला घरी. जेवायलाच या."