सरकती सीट आणि मास्तरांचा ठेका

"एक बोट! फक्त एक बोट लावायचं!"

चष्मेवाले फाटकाशी उभे राहून सांगत होते. चष्म्यांच्या दुकानाच्या कमाईतून त्यांनी दोन दारांची जुनी गाडी घेतली होती. मागे बसायचं कसं, हा सगळ्यांचा प्रश्न. पण पुढच्या सीटचा खटका ओढला, की साहेब दिसताच शिपाई बाजूला व्हावा तशी ती अदबीनं पुढे सरकायची!

आज खरी परीक्षा होती. बायकोचं पहिलं जाहीर गाणं, आणि मागच्या सीटवर तिचे मास्तर! देह भरभक्कम, गुडघे कुरकुरणारे आणि कौतुकाच्या बाबतीत हात पक्का आखडता. खटका ओढला, सीट सरकली, मास्तर आत गेले.

"वा, जावईबापू!"

चष्मेवाल्यांना मूठभर मांस चढलं.

बायको पुढे बसली, गाडी निघाली. "म्हण बघू एकदा," मास्तर म्हणाले. ती गाऊ लागली आणि मास्तरांनी पायानं ठेका धरला. मागच्या माणसाला उतरता यावं म्हणून सीटच्या बुडाशी पायाचाही एक खटका होता, हे चष्मेवाल्यांना ठाऊकच नव्हतं. पहिल्याच समेवर मास्तरांचा पाय दाणकन पडला आणि सीट बायकोसकट सर्रकन पुढे!

"अगं, काय करतेस?"

"मी कुठं काय करतेय? तुमची गाडी करतेय!"

तिनं सीट मागे रेटली. पुन्हा सम, पुन्हा सर्रकन! मास्तरांना मागून एवढंच दिसत होतं, की शिष्या दर समेला पुढे वाकते आहे.

"पुरे, पोरी! नमस्कार नंतर. आधी सूर!"

"मळमळतंय का तुला?" चष्मेवाले काळजीनं म्हणाले. "थांबवू?"

"नाही हो!"

हॉलच्या दारात पोचेपर्यंत तिचे गुडघे आणि धीर, दोन्ही सोलून निघाले होते. शेवटी तिनं वैतागून सीट अशी काही मागे ढकलली, की कडाड्‌ आवाज झाला आणि सीट रुतून बसली. आता ना पुढे, ना मागे! चष्मेवाल्यांच्या बाजूची सीट तर मुळात हलणारीच नव्हती. मास्तर आत कोंडले गेले!

चष्मेवाल्यांनी एक बोट लावलं. मग दहाही बोटं लावली. मग खांदा लावला.

"मास्तर, डिकीतून काढू का?"

"मी काय बोचकं आहे?"

आतून तिच्या नावाचा पुकारा झाला. ती रडकुंडीला आली. "मास्तर समोर नसतील तर मी नाही गाणार!"

"जा म्हणतो ना!" मास्तर गरजले. "इथं सगळं ऐकू येतं. चुकलीस तर इथूनच ओरडेन!"

ती गेली. हॉलच्या खिडक्या उघड्या होत्या. पहिला सूर जरा कापला, दुसरा सावरला आणि मग गाणं असं मोकळं सुटलं, की चष्मेवाले सीटशी झटायचं विसरून गेले. मागे वळून पाहतात तर मास्तर रुमालानं डोळे पुसत होते.

"काय झालं, मास्तर?"

"गुडघा दुखतोय!"

गाणं संपलं तशी बायको धावत आली. "मास्तर, कसं झालं?"

"बरं झालं."

तिचा चेहरा उजळला. "अहो, ऐकलंत? बरं म्हणाले!"

"बरं झालं, मी अडकलो ते," मास्तर म्हणाले. "समोर असतो तर तू एवढी मोकळी गायली नसतीस." आणि खिडकीतून हात काढून त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला.

"म्हणजे सगळं सीटमुळेच की!" चष्मेवाले खुलले. दोघांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते निमूटपणे गॅरेजवाल्याला फोन लावायला गेले.

गॅरेजवाल्यानं सीट मुळासकट उपटली आणि दोरीनं टपावर बांधून दिली. परतताना मागे गुरुशिष्या गात होते आणि पुढे चष्मेवाले एकटेच गाडी हाकत होते. सिग्नलला शेजारच्या टेम्पोवाल्यानं मान बाहेर काढली.

"काय साहेब, सीट विकायची आहे का?"

"न्या!" चष्मेवाले म्हणाले. "दोरीसकट न्या!"