आनंदी दिनचर्येचे ऐंशी टक्के

माणसाला तब्येतीसाठी वेळ काढावा लागतो, आणि वेळ काढायला तब्येत लागते. हे ओळखून अमेरिकेतल्या, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीच्या आमच्या मराठी मंडळाने ‘आनंदी दिनचर्या समिती’ नेमली, ही फार चांगली गोष्ट झाली. समितीने अकरा सवयी मंजूर केल्या: चालणं, ध्यान, दीर्घ श्वसन, अंगाला ताण देण्याचे व्यायाम, कृतज्ञता, सावकाश जेवण वगैरे. सगळ्या नीट पाळल्या तर रोज तेरा तास चाळीस मिनिटं लागतात. झोप आठ तास. उरलेल्या दोन तास वीस मिनिटांत नोकरी, आंघोळ आणि मुलं बसवायची. (अध्यक्षबाईंच्या मते हे सहज जमतं. त्या पुढच्या महिन्यापासून सुरू करणार आहेत.)

माझी बायको नीला गेल्या वर्षी गेली. त्यामुळे माझ्याकडे वेळच वेळ आहे, असं माझा मुलगा शंतनू म्हणतो. तो मिशिगनला, नोव्हायला असतो. त्याने माझं नाव समितीत घातलं आणि अट सांगितली.

“बाबा, डिसेंबर संपेपर्यंत एक तरी आठवडा सवयींत ऐंशी टक्के आणा. नाहीतर घर सेल करू आणि तुम्ही आमच्याकडे. बेसमेंट फुल्ली फिनिश्ड आहे.”

मला हे घर सोडायचं नाही. म्हणून मी मनापासून सुधारायला लागलो.

पहिल्या आठवड्यात एकोणीस टक्के मिळाले. माझं चालणं बाद झालं, कारण मी घड्याळ न बांधता चाललो होतो. शेजाऱ्याशी कुंपणावरून चाळीस मिनिटं बोललो, तेही बाद. आधी नोंद केली नव्हती. कृतज्ञतेच्या रकान्यात रोज तीन गोष्टी लिहायच्या असतात. मी तिन्ही ठिकाणी नीला लिहिलं. समितीच्या ॲपने ‘पुनरावृत्ती’ असा शेरा मारून परत पाठवलं.

समिती प्रत्येकाला एक देखरेख-जोडीदार देते. त्याच्या सहीशिवाय टक्के धरत नाहीत. मला विवेक मिळाला. नागपूरचा, वय अडतीस, सॉफ्टवेअरमध्ये. तो आठवड्याची कृतज्ञता रविवारी एकदम उरकतो. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी तो सही करायला सहा मिनिटांसाठी आला.

“काका, लास्ट वीक आहे आणि चौतीस टक्के! आता काय करायचं यार?”

“चहा टाकतो.”

तो बसला. फोन कोटात राहिला आणि कोट दाराशी. तो पावणेतीन तासांनी उठला. दरम्यान त्याने आपल्या मॅनेजरची नक्कल केली, आणि मी नीला बर्फात गाडी शिकली त्याची हकीकत सांगितली. (समोरची टपालपेटी अजून वाकडी आहे.) नीला गेल्यापासून मी दोन कपांचं आधण पहिल्यांदाच ठेवलं होतं.

मग विवेकने फॉर्म उघडला. “दीर्घ श्वसन?”

“चहा गरम होता. फुंकर मारली.”

“ताणाचे व्यायाम?”

“साखरेचा डबा वरच्या फळीवर आहे.”

“ध्यान?”

“दूध उतू जाऊ नये म्हणून टक लावून बघत होतो.”

“काका, हे तर ॲडव्हान्स्ड आहे. कृतज्ञता?”

“ती तुझी. तिसरा कप तू मागितलास.”

आठवड्याच्या सवयी एकाच दुपारी करू नयेत, असं नियमांत कुठेही नाही. बेरीज एकशे चार टक्के झाली. विवेकने सही केली आणि घर वाचलं.

समितीने या यशाचा अभ्यास करून ‘अनियोजित चहा’ ही बारावी सवय मंजूर केली. कमाल वीस मिनिटं, अठ्ठेचाळीस तास आधी कळवून.

शंतनूवरही चांगला परिणाम झाला. दर शनिवारी सव्वादहा ते साडेदहा ‘बाबांशी चहा’, व्हिडिओवर, असं त्याने ठरवून टाकलंय. आतापर्यंत चार वेळा पुढे ढकललं, दर वेळी अगदी नम्रपणे.

त्याला नावं ठेवू नका. हे वाचता वाचता तुम्हालाही कोणीतरी आठवलं, तुम्ही फोन हातात घेतला, आणि उघडलंत ते कॅलेंडर.